इंजिनचा बोल्ट सुटत नाही? आधी तो कशाने धरलाय ते बघा

थर्मोस्टॅट हाउसिंगचे बोल्ट, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या भागाचे) स्टड, म्हणजे डोकं नसलेले, वर नट बसणारे बोल्ट, वॉटर पंपाचा खालचा बोल्ट आणि डिझेल गाडीतले ग्लो प्लग (गार इंजिन सुरू करताना आतून ऊब देणारे). रत्नागिरी ते मालवण पट्ट्यातल्या कुठल्याही गॅरेजात जा, मेकॅनिकच्या शिव्या खाणारी मंडळी हीच. गाडी वरून चकाचक असते, मीटरवर किलोमीटरही फार नसतात. साधा थर्मोस्टॅट बदलायला घ्यावा तर दोनपैकी एक बोल्ट हलायला तयार नाही. मग कोणीतरी पान्यात पाईप घालतो, 'कट्' असा आवाज येतो आणि अर्ध्या तासाचं काम परवावर जातं.

यावर सगळीकडे ठरलेला सल्ला मिळतो: तेल मार आणि जोर लाव. तेल चालतं, जोरही लागतो. पण बोल्ट कशाने अडकलाय हे ओळखलं नाही तर निम्मे उपाय फुकट जातात. त्याहून मोठी अडचण अशी की इथे क्रम चुकला तर मागे फिरता येत नाही. डोकं घासून गोल झालं की साध्या गोटीचा, म्हणजे डोक्यावर बसणाऱ्या सॉकेटचा, उपाय संपला. बोल्ट आत तुटला की पकडीचा संपला. त्या तुकड्यात ईझी-आउट (तुटका बोल्ट काढायचं, भोकात घालायचं उलट्या पिळाचं हत्यार) मोडला की साध्या ड्रिलचाही संपला. म्हणून पुढचा रस्ता बंद न करणारे उपाय आधी करायचे. खाली त्याच क्रमाने लिहिलंय.

कशाने धरलाय

बोल्टाच्या कडेला लाल-तपकिरी भुकटी असेल तर तो साधा गंज. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, आणि आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत ती जागा नसते. त्यामुळे बोल्ट आतून आवळला जातो. हा प्रकार त्यातल्या त्यात सोपा, कारण गंज सच्छिद्र असतो, तेल त्यात मुरतं.

पांढरी, चुन्यासारखी भुकटी दिसली तर गोष्ट वेगळी. तिथे पोलादी बोल्ट अॅल्युमिनियमच्या भागात बसलेला असतो. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओलावा किंवा जुनं कूलंट, की अॅल्युमिनियम खाल्लं जायला लागतं आणि त्याचा ऑक्साइड फुगून बसतो. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि उरलेलं वर्ष समुद्रावरची खारी हवा, त्यामुळे हा प्रकार रोजचा. यात फसगत अशी होते की आटे बहुतेक वेळा मोकळे असतात. पंपाच्या किंवा हाउसिंगच्या भोकातून जाणारी बोल्टाची दांडी तिच्या पूर्ण लांबीत धरलेली असते. आट्यांत तेल सोडून इथे फार काही होत नाही. उष्णतेने होतं.

एक्झॉस्टचं तिसरंच. मॅनिफोल्ड रोज शेकडो अंश तापतो आणि गार होतो. स्टडवर काळी खपली धरते, नट आणि स्टड एकजीव होतात, आणि स्टड आतून मरतो. दिसायला ८ मिमीचा, पण मधे कुरतडून ६ चा झालेला. तो अर्ध्या जोरालाही तुटू शकतो हे धरूनच हात घालायचा.

फ्लायव्हील किंवा कॅमच्या चक्राचे बोल्ट स्वच्छ, कोरडे आणि तरीही घट्ट असतील तर कारखान्यातच थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) लावलेला असतो. लाल रंगाचा, जास्त ताकदीचा असेल तर बोल्ट साधारण २५० अंशांपर्यंत तापवावा लागतो. तेलाने त्याला काहीही होत नाही.

आणि शेवटचा प्रकार म्हणजे आधीच्या माणसाची कृपा. वाकडे आटे चढवून बोल्ट पान्याने रेटलेला. याची खूण अशी की गंजलेला बोल्ट पहिला फेर देताना अडतो आणि मग सैल होत जातो. वाकड्या आट्यांचा बोल्ट शेवटपर्यंत सारखाच घट्ट राहतो. असा बोल्ट निघाला तरी त्या भोकाचे आटे दुरुस्त करावे लागणार हे गिऱ्हाइकाला तेव्हाच सांगून टाकायचं.

हसू नका, पण आणखी एक तपासून घ्या: आपण सोडतोय की आवळतोय? गाडीखाली उताणं पडून, आरशात बघून, हात मॅनिफोल्डच्या मागून घालून काम करताना डावं-उजवं भल्याभल्यांचं उलटं होतं. शिवाय काही जागी उलटे आटे असतातच, काही जुन्या ट्रकच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट तसे असायचे.

गोटी लावायच्या आधी

वायर ब्रशने डोकं घासून पूर्ण साफ करा. डोक्याच्या कोपऱ्यांत गंजाची पापडी असेल तर गोटी पूर्ण खाली बसत नाही, वरच्या दोन मिलिमीटरवर जोर येतो आणि कोपरे जातात. गोटी सहा कोनांचीच घ्या. बारा कोनांची गोटी अडचणीच्या जागी पटकन बसते, पण ती कोपऱ्यांवर जोर टाकते. सहा कोनांची बाजूंना धरते.

मापाचा घोळ फार होतो. मारुतीसारख्या जपानी धाटणीच्या गाड्यांत ८ मिमीच्या बोल्टाचं डोकं बहुधा १२ चं असतं, युरोपीय गाड्यांत १३ चं. ६ मिमीच्या बोल्टाला १० चं डोकं. गॅरेजातल्या डब्यात १२ ची गोटी सापडली नाही की पोरं अर्ध्या इंचाची लावतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. ती १२ वर छान बसल्यासारखी वाटते आणि पहिल्याच झटक्यात कोपरे खाते. गंजून डोकं लहान झालं असेल तर उलट करायचं: एक माप लहान गोटी हातोडीने ठोकून बसवायची.

कार्बोरेटर आणि साइड कव्हरवरचे अधिक-खुणेचे स्क्रू जपानी गाड्यांत आपल्या नेहमीच्या फिलिप्स घाटाचे नसतात. दिसायला तसेच, पण खाच थोडी वेगळी असते. बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक टिंब असतं. फिलिप्सचा पेचकस त्यातून वर सरकतो आणि खाच खरवडतो. त्यासाठी जपानी घाटाचं बिट आणि हातोडी मारून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर, हे दोन्ही मिळून एका चांगल्या जेवणाच्या पैशात येतात.

मग हातोडी. बोल्टाच्या डोक्यावर पितळी दांडी धरून सरळ, नेमके, मध्यम ठोके. धक्क्याने गंजाचं पापुद्र्यासारखं बांधकाम तडकतं, तेलाला वाट मिळते. बाहेर आलेल्या अॅल्युमिनियमच्या कानांवर, सेन्सरवर, ग्लो प्लगवर किंवा स्पार्क प्लगवर मात्र हातोडी चालवायची नाही.

तेलाचं खरं-खोटं

डब्ल्यूडी-४० शिवाय आपलं पान हलत नाही. ते वाईट नाही, पण मुळात ते १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला पाणी हटवायला आणि गंज धरू नये म्हणून बनवलेलं रसायन आहे. गंजलेल्या आट्यांत शिरायला त्याहून पातळ आणि मागे वंगण ठेवणारं काहीतरी लागतं. दुकानात 'पेनिट्रेटिंग ऑइल' म्हणून मिळतं ते घ्या. नसेल तर ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि असिटोन निम्मं-निम्मं. दोन्ही एकमेकांत नीट मिसळून राहत नाहीत, दर वेळी बाटली हलवावी लागते. असिटोन पटकन पेट घेतं, रंग आणि प्लास्टिक खातं. गरम इंजिनावर ते टाकायचं नाही आणि नंतर ज्योत वापरायची असेल तर मुळातच टाळायचं. रॉकेल-डिझेलवर पिढ्यान्पिढ्या भागलंय, पण त्याला धीर लागतो.

कुठलंही तेल घ्या, ते कुठून टाकता याला जास्त महत्त्व आहे. डोक्यावर फवारा मारून खाली जमिनीवर ओघळलेलं तेल आट्यांपर्यंत पोचलेलं नसतं. एक्झॉस्टच्या फ्लॅंजवर (पाईप जोडणाऱ्या चकतीवर) नटाच्या पलीकडे स्टडचे उघडे आटे दिसतात, तिथे थेंब सोडा. आरपार भोक असेल तर मागच्या टोकाकडून. आणि वेळ द्या. संध्याकाळी गाडी आली तर इंजिन गार झाल्यावर तेल सोडा, सकाळी पुन्हा सोडा, मग पाना लावा. शक्य असेल तर मध्ये एकदा इंजिन चालवून गरम होऊ द्या आणि पूर्ण गार झाल्यावर परत तेल सोडा. धातू आकसताना ते आत ओढलं जातं. गिऱ्हाईक दारात उभं असताना हे जमत नाही, मान्य. पण तुटलेला स्टड काढायला लागणाऱ्या वेळापेक्षा ही रात्र स्वस्त पडते.

जोर किती

६ मिमीच्या (माप दांडीचं, डोक्याचं नव्हे) बोल्टाला कंपनी साधारण १० न्यूटन-मीटर आवळायला सांगते. आता ३० सेंटीमीटरचा दांडा घ्या आणि टोकाला फक्त ५ किलोचा भार टाका. झाले जवळपास १५ न्यूटन-मीटर. म्हणजे भाजीची पिशवी उचलताना लागतो तेवढ्या जोराने तो बोल्ट तुटायच्या वाटेला लागतो. ८ मिमीचा बोल्ट याच्या दुप्पट-अडीचपट सोसतो, १० मिमीचा त्याहून पुष्कळ जास्त. म्हणून १० आणि १२ मिमीच्या बोल्टांना लांब दांडा, इम्पॅक्ट गन, पाईप, सगळं माफ. ६ मिमीला आखूड रॅचेट, आणि तोही दांड्याच्या मधे धरून.

इम्पॅक्ट गनबद्दल उगाच भीती आहे. सलग ओढण्यापेक्षा तिचे बारीक-बारीक ठोके गंजाला लवकर तोडतात. हवा कमी करून किंवा सर्वात खालच्या टप्प्यावर ठेवून, थोडा वेळ उलट थोडा वेळ सुलट, असं चालवलं तर ८ मिमीच्या बोल्टांवरही ती हाताच्या ताकदीपेक्षा सोयीची पडते. पूर्ण जोरावर ठेवून ट्रिगर दाबून धरला तर अर्थातच तुटणार.

पाना लावण्याआधी डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून एक सरळ रेघ मारा, खडूने किंवा पांढऱ्या मार्करने. हे एवढंसं काम सगळ्यात जास्त बोल्ट वाचवतं. पाना १०-१५ अंश फिरला की माणूस खूश होतो, 'सुटला'. रेघ बघा. जोर सोडल्यावर दोन्ही तुकडे परत एका रेषेत आले तर बोल्ट सुटलेला नाही, त्याला फक्त पीळ बसतोय. खालचं टोक जागेवर आणि वरचं डोकं फिरतंय. आणखी ओढलं तर तो पीळ परत उलगडणार नाही, मग तुटेल.

हात चांगला सरावला की रेघेशिवायही कळतं. गंज सुटतो तेव्हा कोरडा, करकरीत 'टक्' येतो आणि पाना एकदम मोकळा झाल्यासारखा वाटतो. तुटायच्या बेतात असलेला बोल्ट आवाज करत नाही. पाना हळूहळू, चिकट-मऊ फिरत राहतो, जोर वाढवावा लागत नाही आणि तरी फिरतो. तो मऊपणा जाणवला त्या क्षणी थांबायचं.

मागच्या पावसाळ्यानंतर एक जुनी ओम्नी आली होती, सायलेन्सरचा पुढचा पाईप फ्लॅंजपाशी फुटलेला. मॅनिफोल्डचे नट तांबूस ढेकळं झालेले, कुठे सपाट बाजू आहे तेही दिसेना. रात्रभर तेल मुरवून सकाळी गोटी ठोकून बसवली. मदतनीस पोरगा पाईप घेऊन तयारच होता.

"काका, घालू का?"

"अरे थांब. आधी आवळ."

"आवळू?"

"एक रेघभर आवळ. मग सोड."

आवळताना एक बारीक 'टिक्' आली. मग उलट दिशेला चतकोर फेर, आणि नट अडला. तिथे जोर न वाढवता परत आत, परत बाहेर. प्रत्येक फेरीत नटाखालून लाल चिखल वर येत होता, तेल आणि गंज कालवून झालेला. तो फडक्याने पुसायचा, नवीन थेंब सोडायचा, परत पुढे-मागे. चिखल काळपट होत गेला तसा नट एकेक आटा जास्त सोडायला लागला. पोरगा कंटाळून गेला, पण स्टड शाबूत निघाले. एकाच दिशेला ओढत राहिलं की सुटा झालेला गंज पुढच्या आट्यात कोंबला जातो आणि नट परत जाम होतो. मागे-पुढे केल्याने तो दळून बाहेर पडतो.

ज्योत

तेलाने आणि मागे-पुढे करून हलत नसेल तर उष्णता. बाहेरचा भाग तापवायचा, आतला नाही. नट असेल तर नट तापवा, तो फुगून स्टडला सोडतो. अॅल्युमिनियमच्या भागातला बोल्ट असेल तर बोल्टाभोवतीचं अॅल्युमिनियम, कारण तापल्यावर ते पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. हा एकच गुण पांढऱ्या भुकटीच्या रोगावर औषध आहे.

पण अॅल्युमिनियम दगा देतं. पोलाद तापलं की आधी निळसर, मग अंधुक लाल होऊन इशारा देतं. अॅल्युमिनियम लाल होत नाही. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, इंजिनातले मिश्रधातू त्याच्याही आधी ढिले पडतात, आणि वितळेपर्यंत ते दिसायला तसंच्या तसं असतं. म्हणून तिथे गॅस कटिंगची टॉर्च नको. प्लंबर वापरतात ती छोटी ब्यूटेन टॉर्च किंवा हॉट एअर गन पुरे. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्रकन उडून गेला की बहुतेक वेळा काम भागतं.

लोखंडी ब्लॉकमधला बोल्ट असेल आणि भोवतालचा धातू तापवणं शक्य नसेल तर उलटी युक्ती चालते. बोल्टच तापवायचा आणि पूर्ण गार होऊ द्यायचा. तापताना तो फुगून गंजाला चेंगरतो, गार होताना आकसतो आणि बारीक फट पडते. गार होता-होता, मेण वितळेल इतका गरम असतानाच मेणबत्ती टेकवा. मेण पातळ होऊन आट्यांत ओढलं जातं. जळक्या जागी तेलाचा धूर होतो, मेणाचा फार कमी.

ज्योत पेटवण्याआधी पेट्रोलच्या नळ्या, रबरी होज, वायरिंग, बेल्ट, सगळं बाजूला किंवा ओल्या फडक्याने झाकलेलं हवं, आणि अग्निशामक हाताशी. जिथे ब्रेक क्लीनर फवारलाय तिथे ज्योत न्यायचीच नाही. क्लोरीनवाल्या क्लीनरपासून तापल्यावर विषारी वायू बनतो.

डोकं गोल झालं तर

इथपर्यंत आलात म्हणजे काहीतरी बिघडलंय, पण बोल्ट अजून अखंड आहे, ही जमेची बाजू. आतून उलटे, पिळाचे दाते असलेली गोटी मिळते, ती ठोकून बसवली की जितका जोर तितकी घट्ट धरते. ती नसेल तर ग्राइंडरने किंवा काणसीने दोन बाजू सपाट करून लहान मापाचा पाना. नटाचं डोकं गेलं असेल तर नटाचा जीव घ्या आणि स्टड वाचवा: नट फोडायचं हत्यार मिळतं, किंवा ग्राइंडरने एका बाजूने आट्यांच्या अलीकडेपर्यंत चीर पाडून छिन्नीचा एक ठोका.

वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅट हाउसिंगच्या लांब बोल्टांसाठी मी एक गोष्ट मुद्दाम करतो आणि ती बघून गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो. डोकं स्वतःहून ड्रिलने उडवतो. डोकं गेलं की हाउसिंग बोल्टावरून, थोडं तापवत-हलवत, ओढून काढता येतं. मागे दोन-तीन सेंटीमीटर दांडी उभी राहते, तिला पकड लावता येते, चहूबाजूंनी तापवता येते, तेल थेट आट्यांच्या तोंडाशी सोडता येतं. बोल्ट तुटणारच असेल तर तो माझ्या सोयीच्या जागी तुटू दे.

आत तुटला तर

थोडा जरी बाहेर उरला असेल तरी सर्वात भरवशाचा उपाय म्हणजे वर नट ठेवून वेल्डिंग. सीओटू वेल्डिंग (गॅसच्या झोतात तार आपोआप सोडणारं) असेल तर फारच छान. नट तुकड्यावर बसवायचा, मधल्या भोकातून वेल्ड भरायचं, लाली जाईपर्यंत थांबायचं, मग पाना लावून हळू पुढे-मागे. यात पकड तर मिळतेच, पण तुकडा आतून लालबुंद तापतो हा खरा फायदा. पृष्ठभागाशी समतल तुटला असेल तर आधी वायसर वेल्ड करा, मग त्यावर नट. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) हे करायला घाबरू नका, पोलादाचं वेल्ड अॅल्युमिनियमला चिकटत नाही. पहिल्या वेळी वेल्ड सुटून हातात येतो, दुसऱ्यांदाही येतो. प्रत्येक वेळी तुकडा तापत असतो, म्हणून नेटाने परत करायचं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, अल्टरनेटर आणि ईसीयूचे (इंजिनाच्या संगणकाचे) कनेक्टरही सोडवा, आणि अर्थचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा.

खोल तुटला असेल तर ड्रिल. इथे सगळं मध्यबिंदूवर आहे. तुकड्याचं तोंड ओबडधोबड असतं. ते सपाट केल्याशिवाय सेंटर पंच मारू नका. तो एक मिलिमीटर बाजूला गेला की ड्रिल मऊ अॅल्युमिनियमकडे पळतं आणि भोक वाकडं होतं. तीन मिमीपासून सुरुवात, कमी वेग, भरपूर तेल. उलट्या पिळाचं ड्रिल बिट मिळालं तर अवश्य वापरा, कारण ते सोडण्याच्या दिशेने फिरतं आणि पुष्कळदा भोक पाडता-पाडताच तुकडा बाहेर चालत येतो.

ईझी-आउटबद्दल माझं मत चांगलं नाही. डोकं तुटण्याइतका जाम झालेला बोल्ट त्याच्याहून बारीक, ठिसूळ हत्याराने निघेल ही अपेक्षाच जरा जास्त आहे. वाकड्या आट्यांचा किंवा जास्त आवळून तुटलेला, पण आत मोकळा असलेला बोल्ट असेल तर चालतो. गंजलेल्यात तो मोडतो, आणि तो इतका कडक असतो की आपलं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. मग स्पार्क इरोजनवाल्याकडे जावं लागतं. पुण्यात भोसरी, कोल्हापुरात उद्यमनगर किंवा शिरोली, नाशकात अंबड-सातपूर या भागांत टूलरूमची कामं करणारे सापडतात. विजेच्या ठिणगीने ते कडक तुकडा बारीक-बारीक उडवून देतात, आटे शाबूत ठेवून. पण भाग सोडवून न्यावा लागतो. चिपळूणहून हेड घेऊन कोल्हापूर गाठायचं म्हणजे काम किती वाढलं ते तुम्हीच बघा.

सुटा करता येणारा अॅल्युमिनियमचा भाग असेल, उदाहरणार्थ थर्मोस्टॅट हाउसिंग, तर घरच्या घरी एक सोय आहे: तुरटी. गरम पाण्यात विरघळेल तितकी तुरटी घालायची, भाग त्यात बुडवायचा आणि पाणी उकळीच्या जवळ ठेवायचं. पोलादाच्या तुकड्यावरून बारीक बुडबुडे यायला लागतात आणि तो काळा पडून खवल्यासारखा झिजत जातो, अॅल्युमिनियमला फारसा धक्का लागत नाही. घड्याळं दुरुस्त करणारे पितळेतला तुटका स्क्रू असाच काढतात. सहा मिमीच्या तुकड्याला तास नव्हे, दिवस लागू शकतात; अधूनमधून तोंड घासायचं, पाणी बदलायचं. भांडं लोखंडाचं नको आणि ते परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही. निघणारा वायू पेट घेणारा असतो, तेव्हा उघड्यावर करा. भागात पोलादी बुश किंवा पिन ठोकलेली असेल तर तीही विरघळेल, आधी बघून घ्या. लोखंडी भागासाठी हा उपाय नाहीच.

पूर्ण पोखरूनच काढायचा झाला तर आट्यांच्या मुळापर्यंतच जा. ६ मिमीच्या नेहमीच्या आट्यांना ५ चं ड्रिल, ८ मिमीच्या १.२५ आट्यांना ६.८ चं. उरलेली आट्यांची स्प्रिंग टोकदार चिमट्याने सोलून निघते, मग टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा. आटेच गेले तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवून नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग. अॅल्युमिनियममध्ये पोलादी हेलिकॉइल मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरतं, त्याला कमीपणा मानू नका.

ग्लो प्लग आणि स्पार्क प्लग

हे दोन भाऊ दिसतात सारखे, वागवायचे उलटे. स्पार्क प्लग इंजिन गार असताना काढायचा. गरम अॅल्युमिनियम मऊ असतं, प्लगबरोबर आटे ओढून येतात. ग्लो प्लग मात्र इंजिन चांगलं गरम असताना. त्याला खाली ज्वलनकक्षाकडून काजळीने धरलेलं असतं, गरम हेड त्याला थोडी मोकळीक देतं. १० मिमीचा ग्लो प्लग सोडताना साधारण ३५ न्यूटन-मीटरच्या पुढे आणि ८ मिमीचा २० च्या पुढे जायचं नाही, म्हणून टॉर्क पाना (जोर किती लागला ते सांगणारा) सोडण्यासाठीही वापरा. त्या आकड्याला हलला नाही तर तेल सोडा, गाडी गिऱ्हाइकाला परत द्या, दोन-चार दिवस चालवू द्या, परत बोलवा. एका ग्लो प्लगचं टोक सिलिंडरमध्ये पडलं तर हेड उतरवायची वेळ येऊ शकते, आणि मग गिऱ्हाईक त्या चार दिवसांबद्दल तक्रार करत नाही.

परत बसवताना

तोच बोल्ट पुढच्या वर्षी परत जाम होतो तो इथल्या आळसामुळे. काढलेला गंजका बोल्ट वायर ब्रशने घासून परत लावू नका, नवीन घ्या, डोक्यावर ८.८ (ताकदीचा दर्जा) लिहिलेला असेल तर ८.८ चाच. हार्डवेअरच्या दुकानातला कसलीही खूण नसलेला बोल्ट इंजिनावर नको. भोकाचे आटे टॅपने साफ करा, पण हात हलका ठेवून. आंधळ्या भोकात, म्हणजे ज्याला पलीकडे तोंड नाही त्यात, तेल किंवा कूलंट साचू देऊ नका. बोल्ट आत जाताना ते दाबलं जातं आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. हवा मारून कोरडं करा, डोळ्यांवर चष्मा लावून.

एक्झॉस्टला कॉपर ग्रीस आणि तांब्याचा मुलामा दिलेले नट, अॅल्युमिनियममधल्या बोल्टांच्या दांडीला पूर्ण लांबीत अँटी-सीझचा (जाम होऊ न देणाऱ्या पेस्टचा) पातळ हात. ग्रीस लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला जास्त ताणला जातो, तेव्हा पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांचा असेल तर थोडा कमी ठेवा. कूलंट वेळेवर बदला आणि नळाचं पाणी भरणं सोडा. हाउसिंगमधली पांढरी भुकटी बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. आजकालच्या बहुतेक स्पार्क प्लगांवर कारखान्यातूनच मुलामा असतो, त्यांना काही लावायची गरज नाही. हेडचे बोल्ट ताणून बसवायच्या जातीचे असतील, म्हणजे टॉर्क देऊन वर अंशांत फिरवायला सांगितलेले, तर ते एकदाच वापरायचे.